हाय का गं वर?
इथं जपानमधल्या विद्यापीठात ताज्या छपाईचा वास आला, की शहागंजातल्या छापखान्यावरची आमची खोली आठवते. खाली वडील चळवळीची पत्रकं छापायचे आणि वर मी वाया गेलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर जपानी अक्षरं गिरवायचे. सरकारी शिष्यवृत्तीची मुलाखत लॅपटॉपवर होती. पडद्यावरच्या जपानी प्राध्यापिकेनं एक लांबलचक प्रश्न विचारला आणि मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. तेवढ्यात जिन्यावरून वडिलांची हाक आली, "हाय का गं वर?" शाळेत बाईंनी "हाय नाही, आहे म्हण" असं कितीदा बजावूनही न सुटलेला शब्द तोंडून निघालाच, "हाय." प्राध्यापिका खूश झाल्या, कारण जपानीत 'हाय' म्हणजे 'हो'. गप्प बसले असते तर निभावलं असतं, पण न कळलेल्या गोष्टीला होकार देणं पत्रकांवर वाढलेल्या मुलीला जमेना. मोडक्या जपानीत म्हणाले, "माफ करा, ते उत्तर वडिलांना होतं." त्या खळखळून हसल्या आणि तोच प्रश्न त्यांनी सावकाश विचारला. शाईनं माखलेले हात घेऊन वडील दारात उभे होते. "काय म्हणत्यात बाई?" "परक्या देशात एकटीनं राहायची तयारी आहे का, विचारतात." ते म्हणाले, "मग सांग की, हाय म्हणून." मी सांगितलं. आता रोज हजेरीला मी ठणकावून 'हाय' म्हणते, आणि इथं कुणीच तो शब्द सुधारत नाही.