भूतानतात्यांची फळी

भूतानतात्या कुणाच्याही घरी गेले की पाण्याच्या तांब्याआधी भिंतीला हात लावायचे. बोटाने दोनदा ठोकायचे आणि विचारायचे, "ही कवाची?" साल सांगितलं की पुढचा प्रश्न, "आन् दुरुस्ती?" सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या संघटनेच्या एका खोलीच्या कार्यालयात त्यांच्या हाताला भिंतीचा पोपडाच आला. तो माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "ह्याचं भाडं देतीस?"

तात्या रहिमतपूरचे. जन्मभर सेंट्रिंगवाले, म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी फळ्यांचा साचा बांधणारे. बरीच वर्षं भूतानमधल्या एका धरणावर, मग मालदीवमध्ये एका बंदराच्या भिंतीवर. उतारवयात सांगलीला लेकीकडे राहायचे आणि वेळ जात नाही म्हणून आमच्याकडे यायचे.

जतला तेव्हा आमचं पाण्याचं आंदोलन चालू होतं. पंपघर उभं होतं, पाणी मात्र टँकरनेच येत होतं. मी पत्रक लिहिलं. उद्गारचिन्हांना पैसे पडत नाहीत, ती भरपूर घातली. कमाईतला किती वाटा धरणं, रस्ते, यंत्रं अशा टिकाऊ कामांत जातो, याचा दोन छोट्या देशांचा एकेक आकडा घेतला आणि वर मथळा दिला: "भूतान बांधतो! मालदीव खातो! आणि तुम्ही? नुसते नारळ फोडता!" रविवारच्या सभेसाठी दोन हजार प्रती छापून आल्या.

तात्यांनी पत्रक वाचलं. "ह्ये साल कंचं?"

मी सांगितलं. ते हसले. "त्या साली मी तिथंच हुतो गं. धरणाचं काँक्रीट जोरात हुतं. चिमुकला देश, एक धरण काढलं की आकडा डोंगरावर, धरण झालं की खाली. आन् मालदीवात तवा एक काम सरलेलं, दुसरं लागायचं हुतं. एकीच्या घरात लगीन, दुसरीच्या घरात एकादस, आन् तू दोघींचा सैपाक मोजतीस व्हय?"

"आवं तात्या, आकडा खरा आहे!"

"आकडा खराच हाय. लबाड तू हायस."

मला इतकं लागलं की मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. दुसऱ्या दिवशी ते सेंट्रिंगची एक जुनी फळी खांद्यावर घेऊन हजर. "एकेक साल सांग." मी मोबाईलवरच्या तक्त्यांतून आकडे वाचत गेले, ते सुतारी पेन्सिलीने ठिपके देत गेले. भूतानची रेघ निळी, मालदीवची तांबडी. प्रत्येक उंचवट्यावर बोट ठेवून विचारायचे, "हितं काय बांधलं असंल?" आठवलं नाही की धरणावरच्या जुन्या सोबत्याला, दोर्जीला, फोन. जेवायची वेळ टळून गेली तेव्हा कळलं, माझा राग कधीच उतरलाय आणि मीच विचारतेय, "तात्या, ही तांबडी इथे का घसरली?"

"बांधल्यालं समदीच सांगत्यात," ते म्हणायचे. "झिजल्यालं कोन सांगतं?"

दोन हजार पत्रकं मी वाटली नाहीत. कार्यकर्ते माझ्यावर लय ओरडले. रविवारी तात्यांना घेऊन रिकाम्या हाताने जतला गेले. समोर पाणीखात्याचे साहेब बसले होते. मी सभेला एवढंच विचारलं, "पंपघर कवाचं?"

मागून एक मेंढक्याची म्हातारी उठली. "माझी सून आली तवाचं. आता नातू मेंढरं राखतोय. पंपातनं थेंब न्हाई आला."

साहेबांनी मान खाली घातली. हातात माझं पत्रक असतं, तर त्यांनी चुकीची तुलना दोन मिनिटांत शोधली असती आणि म्हातारीचं कुणी ऐकलंच नसतं. परतीच्या एसटीत तात्या म्हणाले, "आता चहा पाज."

गेल्या उन्हाळ्यात तात्या गेले. फळीची उजवी बाजू त्यांनी कोरी ठेवली होती. पुढची सालं मी ओढते. यंदा निळी रेघ पुन्हा वर चढली. मी दोर्जीला फोन लावला. तिकडे नवं काय बांधलंय ते त्यांनी सांगितलं, मग विचारलं, "तात्या कैसे हैं?"

मी सांगितलं. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

तीन दिवसांनी त्यांच्याकडून एक फोटो आला. काळपट काँक्रीटची भिंत, फळ्यांच्या उभ्या खुणा अजून स्पष्ट, आणि भिंतीवर टेकलेला एक सुरकुतलेला हात. खाली लिहिलं होतं, "उनका वाला हिस्सा. ठोक के देखा. पक्का है."