देवाची टोपी

कळविण्यास अत्यंत दुःख होते, की आमच्या घराण्यातली पहिली डॉक्टर दोन हजार आठ सालच्या मे महिन्यात, शिकागोजवळच्या नेपरव्हिल गावी, राहत्या घरी, सत्यनारायणाच्या ऐन आरतीत निवर्तली. मृत्यू अकस्मात होता. चाळीसेक पाहुणे हजर होते. कुणी रडलं नाही, कारण सगळ्यांचे हात कानांवर होते.

ती डॉक्टर म्हणजे मी. घाबरू नका, मी ठणठणीत आहे. चाळिशी लागली आहे आणि साबुदाण्याची खिचडी अजून दोनदा वाढून घेते. मेली ती फक्त डॉक्टर, आणि तीही बाबांनी परस्पर जन्माला घातलेली. मी कॉलेजात जे शिकत होते ते त्यांना चारचौघांत सांगता येत नव्हतं. मी धर्माचा अभ्यास करत होते.

खरं तर हे खूळ माझ्या डोक्यात घरानंच घातलं. दोन हजार एकचा तो सप्टेंबर झाला तेव्हा मी हायस्कुलात होते. त्यानंतर आई दुकानात शिरण्याआधी टिकली काढून गाडीतल्या आरशाला चिकटवायची, परत आली की पुन्हा कपाळावर. बाबांनी गाडीच्या काचेवर भलामोठा अमेरिकन झेंडा लावला. आणि एका रविवारी आमचा देव्हारा दिवाणखान्यातून उचलून जिन्याखालच्या, कोट टांगायच्या कपाटात नेला.

"का?" मी विचारलं.

"तिथे जागा जास्त आहे," बाबा म्हणाले.

तिथे व्हॅक्यूम क्लीनर राहायचा. पुढची कित्येक वर्षं आमच्या गणपतीच्या उजव्या हाताला तो उभा होता, द्वारपालासारखा. माझ्या 'का'ला मात्र घरात जागा नव्हती. म्हणून मी तो कॉलेजात घेऊन गेले.

दुसऱ्या वर्षी विषय ठरवायचा होता. मी घरी फोन केला.

"रिलिजन?" बाबा म्हणाले. "अगं, धर्म शिकत नाहीत, करतात."

"बाबा, मला समजून घ्यायचंय."

"मग गीता वाच की सुट्टीत! त्याला कॉलेज कशाला? आणि लोकांना काय सांगू? मुलगी कीर्तनकार होणार म्हणून?"

मग त्यांनी तोडगा काढला. "लोकांना प्री-मेड सांगायचं, म्हणजे डॉक्टरकीची पूर्वतयारी. तसाही तो काही वेगळा विषय नसतो, कुठल्याही विषयासोबत चालतो, त्यामुळे ते खोटंही होत नाही." इतकं बारीक शास्त्र मी पुढे कुठल्याही धर्मपंडिताकडे वाचलं नाही.

झालं. तेव्हापासून मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात मी डॉक्टर. शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये प्रसादाच्या रांगेत एका काकांनी मला जीभ काढून दाखवली. एक काकू संक्रांतीच्या हळदीकुंकवात म्हणाल्या, "बघ गं, हा गुडघा वाजतो का?" मी कान लावला. वाजत होता. "पाणी भरपूर प्या," मी सगळ्यांना सांगायचे. त्यांना बरं वाटायचं, हे मी नाकारणार नाही. मला वाटायचं नाही. मला जगात एकच गोष्ट हवी होती: बाबांनी एकदा, एकदाच, लोकांसमोर म्हणावं की माझी मुलगी धर्म शिकते. कौतुकानं म्हणायची अटही मी मनातल्या मनात कधीच काढून टाकली होती.

शेवटच्या वर्षी प्रबंध लिहायचा होता. वर्गातली बाकीची मुलं मोठमोठ्या विषयांवर बसली होती, कुणी मोक्षावर, कुणी सैतानावर. मी टोपीवर लिहिलं.

ही टोपी म्हणजे हॉटेलात अंघोळीला मिळते ती, केस भिजू नयेत म्हणून घालायची, पातळ प्लास्टिकची. मी लहान असताना एका गणपतीत आरतीच्या धुरानं छतावरचा अलार्म वाजला, आणि दाणदाण बूट आपटत अग्निशमन दलाचे जवान थेट मखरापर्यंत आले. तेव्हापासून आरतीआधी बाबा खुर्चीवर चढून अलार्मला ती टोपी घालायचे. आरती झाली की काढून, घडी घालून ठेवायचे. कुठे? पूजेच्या खणात. कापराची डबी, वाती, घंटा आणि टोपी. एकदा मी अंघोळीला जाताना ती घ्यायला गेले तर आई ओरडली, "शिवू नकोस! देवाची आहे ती!"

हेच मी लिहिलं. परक्या देशात गेल्यावर माणसं देवाला लपवतात, धूर लपवतात, आणि ज्यानं लपवलं तेच हळूहळू पवित्र होतं. माझ्या थोराड, कायम लोकरीचा स्वेटर घालणाऱ्या प्राध्यापक बाईंनी ते वाचलं. मला वाटलं हसतील. त्या म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना भेटायला मला फार आवडेल."

पदवीदानाच्या दुपारी आमच्या विभागानं वेगळा छोटा समारंभ ठेवला होता. बाई प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रबंधाबद्दल दोन शब्द बोलणार होत्या. आई-बाबा आले. सोबत आमचे शेजारचे काका-काकूही आले, कारण बाबांनी आठवड्यापूर्वी कौतुकानं बोलावून ठेवलं होतं आणि आता नको म्हणता येईना. दारावरची 'रिलिजन' ही पाटी दिसताच बाबा काकांना म्हणाले, "चला, आपण गाडी काढून आणू. नंतर ट्रॅफिक होतो." काकू पाय दुखतात म्हणून त्यांच्यासोबतच गाडीत बसायला गेल्या.

गाडी दारासमोरच होती. ट्रॅफिक म्हणावं तर एक खार.

बाईंनी टोपीची गोष्ट सांगितली. सगळे हसले आणि मग टाळ्या वाजल्या, बराच वेळ. आईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय, मला कळलं नाही. बाई माझ्यापाशी आल्या, म्हणाल्या, "वडील कुठेत?" मी खिडकीतून दाखवले. ते गाडीची काच पुसत होते, झेंड्याभोवतीची.

त्या विषयानं मला पोटाला काही दिलं नाही, हेही सांगून टाकते, म्हणजे कुणाच्या मनात राहायला नको. आज मी विमा कंपनीत आहे. लोकांच्या घरांना आगी कशा लागल्या ते तपासते. हसा खुशाल, मीही हसते.

तर पुढच्या शनिवारी बाबांनी माझ्या पदवीचा सत्यनारायण घातला. गुरुजी म्हणजे आठवडाभर एका बँकेचे कॉम्प्युटर सांभाळणारे आणि सुट्टीला सोवळं नेसणारे गृहस्थ. देव्हाऱ्यातले देव त्या दिवसापुरते दिवाणखान्यात आले होते. यजमान आई आणि बाबा. पण कथा संपत आली तरी पाहुणे येतच होते, त्यामुळे बाबा पीतांबर सावरत पुन्हापुन्हा दाराकडे जात होते आणि प्रत्येकाला तेच सांगत होते.

"एक वर्ष ब्रेक घेतेय. मग मेडिकल. यू नो, आजकाल सगळेच घेतात."

"वा! मग स्पेशलायझेशन कशात?" एका काकांनी विचारलं.

मी प्रसादाच्या वाट्या घेऊन बाजूलाच उभी होते. बाबांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "हार्ट."

"यजमान, आरतीला या हो!" गुरुजींनी हाक मारली. बाबा धावले. कापूर पेटला, चांगला मुठीएवढा. घंटा, टाळ्या, चाळीस गळे. आणि पहिलं कडवं संपायच्या आत छतावरून ती किंकाळी सुरू झाली.

बाबांच्या आयुष्यात पहिल्यांदा टोपी घालायची राहिली होती.

मुलं आनंदानं नाचायला लागली. एका मावशींनी ओढणीनं धूर हाकलायला घेतला. गुरुजींनी आवाज चढवून आरती चालूच ठेवली. बँकेत त्यांना असल्या आवाजांची सवय असणार. "फायर इंजिन येईल! अहो, टोपी! टोपी कुठाय?" आई ओरडत होती. एका भाबड्या काकांनी स्वतःच्या डोक्यावरची जरीची टोपी काढून पुढे केली.

मी खणातून देवाची टोपी काढून बाबांच्या हातात दिली. ते खुर्चीवर चढले. पीतांबर सुटत होता, घाम डोळ्यांत जात होता, प्लास्टिक अलार्मवर बसत नव्हतं. खाली माना वर करून उभे असलेले सगळे, ज्यांना ते इतकी वर्षं माझं मेडिकल सांगत आले होते. बाबांनी खाली बघितलं ते फक्त माझ्याकडे, आणि जोरात ओरडायला तोंड उघडलं. त्याच क्षणी अलार्म थांबला. आरतीही थांबली. बाबांचा आवाज तेवढा थांबला नाही:

"चार वर्षं कॉलेजात धर्म शिकलीस, आणि आरतीच्या आधी टोपी घालायची एवढं साधं कळत नाही तुला?"