कॅटमध्ये उरलेली पानं

दुपारी जेवणाच्या टेबलावर पत्त्यांचा कॅट घेऊन दादा मला ब्लॅकजॅक या जुगारातली पानांची मोजणी शिकवत होता. दुर्रीपासून छक्कीपर्यंत काही पडलं की एक मिळवायचा. दश्शी, चित्रं किंवा एक्का पडला की एक वजा करायचा. मधली पानं सोडून द्यायची.

“बारीक पानं निघून गेली की आत मोठी उरतात,” तो म्हणाला. “आकडा चढला की पैसे वाढवून लावायचे.”

तिर्री पडली. पंजी पडली. पुन्हा तिर्री. सलग तीन बारीक पानं.

लहानपणी बाबांचे सलग तीन दिवस शांत गेले की आई आम्हा दोघांना डबा देऊन समोरच्या काकूंकडे पाठवायची. मग दोन बंद दारांपलीकडे आधी ताट आपटायचं, नंतर पट्टा. आईचा आवाज कधीच यायचा नाही. तिने आयुष्यात पत्ते हातात धरले नाहीत, आणि तिची मोजणी एकदाही चुकली नाही. मला संताप येतो तो याचाच. आम्हाला उठवलं आणि स्वतः डावात बसून राहिली.

“आकडा चढलाय,” दादा म्हणाला. “आता काय करायचं?”

“मुलांना शेजारी पाठवायचं.”

दादाने पुढचं पान उलटलं नाही.