सरांनी सांगितलं होतं

हे मी अजून कुणालाच बोललो नाही — बायकोलासुद्धा नाही, आणि तिला तर माझ्या पोटातलं सगळं कळतं. तुम्हाला का सांगून राहिलो? माहीत नाही. बसा जरा.

मी लातूरला एका क्लासमध्ये बायॉलॉजी शिकवतो. पण माझी खरी हौस वेगळीच — परदेशातलं राजकारण. कुठं कोण निवडून आलं, कोण पडणार, कुणाच्या मागं लष्कर आहे… टपरीवर मी एकदा सुरू झालो की लोक कप हातात धरून ऐकत उभे राहायचे. आमच्याकडं क्लासच्या सरांना लई मान. पोराचं ॲडमिशन सरांना विचारून, पोरीचं स्थळ सरांना विचारून, बोअर कुठं पाडायचा तेही सरांनाच विचारून. मग सरांना 'मला माहीत नाही' म्हणायची सवयच राहत नाही. निदान मला तरी राहिली नव्हती.

उत्तमराव अहमदपूरच्या एसटी डेपोत मेकॅनिक. त्यांची मुलगी प्रज्ञा माझी विद्यार्थिनी. हुशार, पण इथं मेडिकलची सीट थोडक्यात हुकली. म्हणून शेजारच्या देशात एमबीबीएसला पाठवली — तेही मला विचारूनच. देशाचं नाव घेत नाही, काय करायचंय नावाशी? ती चौथ्या वर्षाला असताना तिकडं कॉलेजची पोरं रस्त्यावर उतरली, पंतप्रधान हटवा म्हणून. उत्तमरावांचा मला फोन आला.

"जयभीम सर. पोरीला बोलवून घिऊ का? तिची आई लई घाबरून राहिली."

खरं सांगतो, मी त्या आठवड्यात बातम्या धड पाहिल्याच नव्हत्या. टेस्ट सिरीजचे पेपर तपासत होतो. पण एवढं कबूल करायला जीभ वळली का? उलट मी आवाज लावला. इतकी वर्षं खुर्चीवर बसलेला माणूस असा उठतो का, म्हणालो. आठ दिवसांत सगळं थंड होतंय. परीक्षा तोंडावर आहे, आत्ता आणली तर वर्ष गेलं. राहू द्या तिथंच. ते 'बरं सर' म्हणाले. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलंही नाही.

चौथ्या दिवशी दुपारी स्टाफरूमच्या टीव्हीवर हेलिकॉप्टर दिसलं. पंतप्रधान पळाले होते! मी उभाच राहिलो. सकाळपर्यंत ज्या फाटकावर पोलीस सलाम ठोकत होते, त्याच फाटकातून लोक पंखे, खुर्च्या, कुंड्या डोक्यावर घेऊन बाहेर पडत होते. एक म्हातारी पंतप्रधानांच्या गादीवर चपला घालून बसली होती. एवढा मोठा देश असा जेवणाच्या सुट्टीत बदलतो? मला खरंच वाटेना. मग मी तावातावानं म्हणालो — अरे, निदान लोकांपुढं उभं राहून बोलायचं तरी, मागच्या दारानं काय पळायचं? सगळ्या स्टाफनं माना डोलावल्या.

आणि त्यानंतर — त्यानंतर! — मला आठवलं की प्रज्ञा तिकडं आहे.

त्याच संध्याकाळी तिच्या होस्टेलशेजारची इमारत पेटवली. पोरी जिन्यानं पळाल्या, रेटारेटीत ही खाली पडली, वरून बाकीच्या गेल्या. उजवा घोटा चुरला. बाहेर संचारबंदी, फोन बंद. नऊ दिवस घरी खबर नाही. प्लास्टर उशिरा बसलं, तेही वाकडं. पुढं नांदेडला परत ऑपरेशन केलं, तरी पाय सरळ झाला नाही. कुबडी घेऊन आली ती आली, पुन्हा तिकडं जायचं नाव काढलं नाही. डॉक्टरकी तिथंच राहिली.

मी भेटायला गेलो. जावंच लागलं. घर पाहुण्यांनी भरलेलं. मला खुर्ची दिली, बाकीचे सतरंजीवर. प्रज्ञाची आई, सुमनबाई, सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सर, तुम्हीच म्हणले का हो, तिला तिथंच ठिवा म्हणून?"

सगळं घर माझ्याकडं बघून राहिलं. आणि मी — किती सहज बोललो मी, त्याचाच मला धक्का बसतो — मी म्हणालो, "छे हो. मी तर सांगितलं होतं, लगेच बोलवून घ्या."

उत्तमराव दाराला टेकून उभे होते. मला वाटलं, झालं, आता हा माणूस तोंड उघडतो आणि माझी इज्जत जाते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही हो, रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग बायकोकडं वळून म्हणाले, "हाव. सरांनी सांगितलं होतं. मीच ऐकलं न्हाई."

का म्हणाले असतील? चार माणसांत सरांची बेइज्जती नको म्हणून? मी कधी विचारलं नाही. चहा आला, तो प्यालो, आणि निघालो.

तेव्हापासून त्या घरात उत्तमरावांच्या शब्दाला काडीची किंमत नाही. सुमनबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात — सर सांगत होते, यांनी ऐकलं न्हाई, पोरीचा पाय यांनीच घालवला. ते गुमान ऐकून घेतात. एकदा मला एसटीत भेटले, तर उठून जागा दिली. मी बसलो.

तिकडं नवं सरकार आलं. शपथविधी मी टीव्हीवर पाहिला. टपरीवर लोकांनी विचारलं, सर, हे टिकंल का? मी सांगितलं. हो, अजून सांगतो मी.

गेल्या महिन्यात साखर तपासायला इथल्याच एका लॅबमध्ये गेलो, तर रक्त काढायला प्रज्ञा. तिथं नोकरीला लागलीय हे मला माहीत नव्हतं. लंगडत आली, दंडाला पट्टा बांधला, सुई इतकी हलक्या हातानं घातली की मला कळलंही नाही. कापूस दाबून धरत म्हणाली, "सर, पप्पांनी तेव्हा तुमचं ऐकायला पायजे होतं."

खोलीत आम्ही दोघंच होतो.

मी म्हणालो, "हं." आणि बाही खाली केली.