पुलापलीकडची अठरा मिनिटं

ऑफिसात तिला सगळे मिनिटबाई म्हणायचे आणि तिला त्याचा राग यायचा नाही, उलट मनातून आवडायचं. शहरातल्या बसगाड्यांची वेळापत्रकं ती बनवायची. कुठली बस कुठल्या थांब्यावर किती वाजता येणार, तिथे किती थांबणार, कधी हलणार, सगळं तिच्या टेबलावर ठरायचं. पंधरा वर्षं हेच काम. घरात कुणी "पाच मिनिटांत येतो" म्हणालं की ही घड्याळ बघत बसायची. आणि अशा बाईला नवरा मिळाला तो फरशा बसवणारा, ज्याच्या "आलोच" या शब्दावर त्याच्या आईचासुद्धा भरवसा नव्हता. तरी संसार झकास चालला होता, आता बोला.

झकास, पण एक गोष्ट सोडून. ऑफिस सुटायचं सहाला आणि घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दोनदा बस बदलून, धक्के खात ती घरी पोचायची तेव्हा आठ वाजून गेलेले असायचे आणि सहा वर्षांचा लेक गाढ झोपलेला असायचा. मग जेवता जेवता सासूबाई त्याच्या दिवसाची हकीकत सांगायच्या. शाळेत कुणाशी भांडला, काय चित्र काढलं, किती जेवला. त्याचा पहिला दात पडला तेही तिला असंच कळलं. त्या दिवशी ती भांडी घासताना नळ मोठा सोडून रडली. नंतर डोळे पुसून बाहेर आली आणि जाहीर केलं की आपण घर बदलायचं. ऑफिसपासून घराच्या दारापर्यंत पंचेचाळीस मिनिटं. शेहेचाळीस झाली तरी ते घर नको.

झालं! दर रविवारी चौघांची वरात निघायला लागली. प्रत्येकाची परीक्षा वेगळी. नवरा दारातून आत पाय टाकला की उकिडवा बसून बोटांनी फरशी ठोकायचा आणि "पोकळ आहे" म्हणून मान हलवायचा. घरमालकांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. सासूबाई घरात फिरायच्याच नाहीत, त्या बाहेरच्या बाकावर बसून येणारेजाणारे न्याहाळायच्या. एका चकचकीत वसाहतीत तासभर बसून त्या परत आल्या आणि म्हणाल्या की इथे कुणी कुणाकडे बघतसुद्धा नाही, मी इथे मुकी होऊन मरेन. आणि मिनिटबाई? ती वेळापत्रक उघडून मिनिटं मोजायची आणि नाही म्हणायची. लेकाला मात्र प्रत्येक घर आवडायचं, कारण प्रत्येक घरात पळायला नवीन जिना होता.

असे सात रविवार गेले. आठव्या रविवारी नवऱ्याचं नदीपलीकडच्या उपनगरात एक फरशी बदलायचं काम होतं, म्हणून सगळे सहज बरोबर गेले. आणि गंमत म्हणजे तिथे सगळ्यांचाच जीव अडकला. गल्लीच्या तोंडाशी छोटं वाचनालय होतं, त्याच्या दारावर उघडण्याच्या वेळा पाच लिप्यांत लिहिलेल्या. शेजारच्या मैदानात देशोदेशीची पोरं झोपाळ्यावरून भांडत होती, प्रत्येक जण आपापल्या भाषेत आणि तरीही सगळ्यांना सगळं कळत होतं. लेक कधी त्यांच्यात घुसला ते दिसलंच नाही. सासूबाई बाकावर एका म्हाताऱ्या बाईशेजारी बसल्या. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं अक्षरही कळत नव्हतं, पण तासाभरात दोघींनी आपापल्या गुडघ्यांची सगळी कर्मकहाणी हातवाऱ्यांनी सांगून टाकली. कोपऱ्यावरचं दोन खोल्यांचं घर रिकामं होतं. नवऱ्याने फरशी ठोकली आणि तोंडभर हसला.

मिनिटबाईने वेळापत्रक काढलं. चौसष्ट नंबरची बस, ऑफिसच्या दारातून इथल्या थांब्यापर्यंत एकसष्ट मिनिटं. थांब्यावरून घरी चालत दोन. तिने पिशवी उचलली.

"अगं, एकदा त्या बसमध्ये बसून तरी बघ," नवरा म्हणाला.

"मीच बनवलंय ते वेळापत्रक. बसायचं काय त्यात?"

 परतीच्या वाटेवर लेक खिडकीला नाक लावून बसला होता. नवऱ्याच्या आग्रहाने घरमालकाने फक्त शनिवारपर्यंत वाट बघायचं कबूल केलं होतं, कारण दुसरं एक कुटुंब तयारच होतं. रात्रभर तिला नवऱ्याचं ते वाक्य टोचत राहिलं. खरंच की, अकरा वर्षांपूर्वी तिने चौसष्ट नंबरचं वेळापत्रक केलं, पण त्या बसची पायरी ती एकदाही चढली नव्हती.

सोमवारी सहाला ती चौसष्टमध्ये चढली आणि स्टॉपवॉच चालू केलं. बस कशी सुसाट निघाली! एकोणीस मिनिटांत पूल ओलांडलासुद्धा.  आणि पुलापलीकडच्या पहिल्याच थांब्यावर ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, घडी घातलेलं वर्तमानपत्र उलगडलं आणि थर्मासमधून चहा ओतला. कुणी हूं की चूं केलं नाही. एक बाई शांतपणे खाली उतरली, समोरच्या दुकानातून भाजी घेतली, दुकानदाराशी गप्पा मारल्या आणि परत येऊन आपल्या जागेवर बसली.

मिनिटबाईला राहवेना. पुढे जाऊन तिने विचारलं, बस बिघडली का.

"छे हो ताई. वेळेच्या आधी निघायचं नाही असा नियम आहे," ड्रायव्हर म्हणाला. "ऑफिसातल्या कुणा शहाण्याने पुलाला अठरा मिनिटं जास्तीची देऊन ठेवलीत. तेव्हा पुलाचं काम चालू होतं, तेव्हा ठीक होतं. काम संपून नऊ वर्षं झाली. आम्ही म्हटलं, देतायत तर घ्या, चहा तरी निवांत होतो."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. अठरा मिनिटं तिनेच दिली होती. पुलाच्या कामात गाडी रखडली तरी उशीर ठरू नये म्हणून, अगदी मायेने. आणि मग विसरली. नऊ वर्षं शेकडो माणसं रोज संध्याकाळी इथे तिच्यामुळे बसून राहत होती आणि बस म्हटली की हे चालायचंच म्हणून गप्प होती. लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्याच क्षणी डोक्यात वजाबाकी झाली. एकसष्टातून अठरा गेले, त्रेचाळीस. वर चालण्याची दोन. पंचेचाळीस!

ती भर बसमध्ये मोठ्याने हसली. भाजी घेऊन आलेल्या बाईने वळून पाहिलं.

"दादा, तो शहाणा म्हणजे मीच," ती म्हणाली.

ड्रायव्हरने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग थर्मासच्या झाकणात उरलेला चहा ओतून तिच्या हातात दिला आणि विचारलं की आता आमचा चहा जाणार का. तिने सांगितलं की जाणार नाही, तो शेवटच्या थांब्यावर मिळेल, तिथे निदान हातपाय धुवायला नळ तरी आहे.

मंगळवारी तिने आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम केलं. साहेबांसमोर उभी राहून चूक माझी आहे म्हणून सांगितलं आणि लेखीही दिलं. जिने पंधरा वर्षं इतरांच्या चुका तांबड्या पेनाने दाखवल्या तिच्यासाठी हे काही सोपं नव्हतं. या घराची गोष्टही तिने लपवली नाही. ती घर घ्यायच्या विचारात आहे हे कळल्यावर साहेबांनी भुवया उंचावल्या, म्हणून दुसऱ्या माणसाला त्याच बसने पाठवलं. तो स्वतःचं घड्याळ लावून गेला आणि तेच सांगत परत आला. शुक्रवारी नवीन वेळापत्रकावर सही झाली. ती जिन्यातूनच नवऱ्याला फोन करून ओरडली की घरमालकाला हो म्हणा, आत्ता, या मिनिटाला. नवरा म्हणाला, आलोच. आणि पहिल्यांदाच खरोखर लगेच गेला.

नव्या घरातला पहिला सोमवार. ती सहाला चौसष्टमध्ये बसली. पुलापलीकडच्या थांब्यावर बस जेमतेम थांबली आणि निघाली. रोज तिथे भाजी घेणारी बाई दुकानाकडे बघत हळहळली. मिनिटबाई थांब्यावर उतरली तेव्हा उजेड होता. तिला तर उजेडात घरी जाणं म्हणजे काय हेच आठवत नव्हतं. ती दोन मिनिटं चाललीच नाही, धावली. दार ढकललं. पंचेचाळीसच्या आत, पावणेसात वाजायच्या आधी.

"कुठाय तो?" तिने धापा टाकत विचारलं.

सासूबाई खिडकीशी निवांत बसल्या होत्या. लेक मैदानात गेला होता, दोन गल्ल्यांपलीकडच्या शिंप्याच्या मुलांबरोबर. सात वाजेपर्यंत परत येईन म्हणाला होता.

तिचा चेहरा पडला. मग आपोआप फुलला. तिने चप्पल काढली, पिशवी ठेवली, पायरीवर जाऊन बसली. सहवासासाठी एवढी धडपड केली आणि आता तीच त्याची वाट बघत होती. पंधरा मिनिटं तिने एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

सात वाजले असतील नसतील, गल्लीच्या टोकातून लेक गुडघे मळवून पळत आला. आईला पायरीवर बघून जागच्या जागी थबकला, आणि धपकन तिच्या मांडीत येऊन पडला.

"आई, आज काय झालं माहितीये?" तो म्हणाला.

सासूबाई आतून म्हणाल्या, मला सगळं माहितीये, सांगू का. पण मिनिटबाईने हात वर करून त्यांना गप्प केलं.

"नको आई," ती म्हणाली. "मला त्याच्याकडूनच ऐकायचंय."