पहिल्या कपाचा नियम

वहिनींचं कॉफीचं दुकान भाड्यामुळे बंद पडलं, असं गुरुजी भेटेल त्याला सांगतात. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींच्या मते कोपऱ्यावरच्या त्या नव्या, काचेच्या भिंतींच्या कॉफीच्या दुकानाने घात केला. हल्लीच्या पोरांना चव कळत नाही, असंही एक कारण गल्लीत फिरतंय. सगळी बकवास आहे. घरमालकाने सात वर्षांत भाडं एका पैशाने वाढवलं नव्हतं, आणि काचेचं दुकान उघडलं तेव्हा वहिनींची निम्मी बाकं आधीच रिकामी झाली होती. मी बरोबर समोर बसतो. शिवणयंत्रावरून मान वर केली की त्यांचंच दार दिसतं, तेव्हा मला कोणी शिकवू नये.

दुकान आम्ही बंद पाडलं. गोड बोलून बंद पाडलं.

लग्न होऊन आल्या तेव्हा वहिनींना कॉफी आवडतही नव्हती. दुकान त्यांच्या नवऱ्याचं. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो, म्हणून या वहिनी. दादा मोठे गप्पिष्ट. बिया भाजताना कोणी बोलायला भेटलं की हमखास करपवायचे. एक दिवस वहिनी नाक मुरडत मागच्या खोलीत गेल्या, दादांच्या हातातला दांडा काढून घेतला आणि पुढची एकतीस वर्षं तो कोणाला दिला नाही.

भाजायचं यंत्र म्हणजे गॅसच्या ज्योतीवर आडवं बसवलेलं एक लोखंडी पिंप, दांडा धरून हाताने फिरवायचं. आतल्या बिया तडतडायला लागल्या की शेवटचा मिनिटभर महत्त्वाचा. लवकर काढल्या तर कॉफी आंबट, उशिरा काढल्या तर जळकी. पिंप बंद असतं, रंग दिसत नाही, सगळा कारभार वासावर. वहिनी डोळे मिटून, मान जराशी कलती करून उभ्या राहायच्या आणि एकदम पिंप उलटं करायच्या.

"कसं कळतं हो?" मी एकदा विचारलं होतं.

"तुम्हाला इस्त्री तापलेली कशी कळते? बोट भाजून बघता का?"

दादांनी भिंतीवर एक पाटी लावली होती. 'पहिला कप फुकट. पण खोड सांगावी लागेल.' सकाळी जो पहिला आत शिरेल त्याने पहिला कप प्यायचा आणि काय बिघडलंय ते सांगायचं. वहिनी समोर हाताची घडी घालून उभ्या. कोणी नुसतं "छान आहे" म्हटलं की फटकारायच्या, "छान म्हणायला मी नवरा ठेवलाय. तुम्ही खोड सांगा." घड्याळजी एकदा "किंचित आंबट" म्हणाले, तर बाईंनी भाजलेल्या बियांचा सगळा घाणा कचऱ्यात ओतला आणि नव्याने भाजायला घेतला. लोक तासभर बाहेर शिव्या घालत थांबले, पण थांबले.

हा नियम त्या आम्हालाही लावायच्या. मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका गिऱ्हाइकाला कोट घालून आरशासमोर उभा केला होता, तेवढ्यात वहिनी रस्ता ओलांडून आल्या. "टेलरभाऊ, कॉलर डावीकडे पडलीय. हा माणूस काय जन्मभर मान वाकडी करून हिंडणार?" तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. घरी जाऊन बायकोवर डाफरलो, जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी कॉलर उसवली आणि पुन्हा लावली. आज माझ्या कॉलरींसाठी लोक तीन तीन गल्ल्या ओलांडून येतात, ते त्या बाईच्या तिखट जिभेमुळे.

दीड वर्षापूर्वी दादा गेले. पाठोपाठ वहिनी तापाने तीन आठवडे अंथरुणाला खिळल्या. पुन्हा दार उघडलं त्या सकाळी पहिला मीच आत गेलो. त्यांनी कप पुढे केला. एक घोट घेतला आणि कळलं, जळकी. थोडीथोडकी नव्हे, कोळसा चावल्यासारखी. मी वर बघितलं. त्या हाताची घडी घालून उभ्या होत्या, पण हात काटकीसारखे झाले होते.

"कशी झालीय?"

"फक्कड," मी म्हणालो. "एकदम छान."

त्या फटकारतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली आणि आत गेल्या. मला वाटलं, दु:खाने बाई मऊ झाली. मूर्ख मी.

दुसऱ्या दिवशी घड्याळजी पहिले होते. बाहेर आले ते रुमालाने जीभ पुसत. "अहो, ही पिववत नाही. पण सांगणार कोण? आधीच त्या बिचारीवर काय कमी कोसळलंय?" तिसऱ्या दिवशी गुरुजी. तेही तेच म्हणाले, फक्त जास्त शब्दांत. आणि मग गल्लीचं ठरूनच गेलं. पाटीखाली बसायचं, चार घोट कसेबसे घशाखाली ढकलायचे, उरलेली खिडकीतल्या कुंडीत ओतायची आणि "वा वहिनी" म्हणत उठायचं. कुंडीतलं झाड महिन्याभरात वाळलं. त्याला खोटं बोलता येत नव्हतं.

नंतर लोक रोजचे एक दिवसाआड झाले, मग आठवड्याने, मग रस्त्यातूनच हात हलवायला लागले. माझंही सांगतो, लपवत नाही. मी घरून थर्मास आणायला लागलो. समोर बसून, शिवणयंत्राच्या आडोशाला, चोरासारखा प्यायचो. आणि बाकं रिकामी बघून हळहळायचो, हेही त्याच तोंडाने.

शेवटच्या दिवशी मात्र अख्खी गल्ली लोटली. वर्षभर न फिरकलेले लोक बाकांवर दाटीवाटीने बसले, फोटो काढायला लागले. कोणी कप मागितला, कोणी बरणी. आठवण म्हणून. गुरुजींनी उभं राहून वीस मिनिटं भाषण ठोकलं, भाडं, काचेचं दुकान, तरुण पिढी, सगळ्यांवर खापर फोडलं आणि शेवटी चष्मा पुसला. मला तिथेच त्यांची मानगूट धरावीशी वाटली. पण मी कोण? मीही मूग गिळून कोपऱ्यात उभा.

पिंप न्यायला टेम्पोवाला आला होता. परगल्लीतला माणूस, घामाने निथळलेला. वहिनी म्हणाल्या, "दमलात. आज शेवटचा घाणा आहे, पहिला कप तुम्ही घ्या."

त्याने घोट घेतला, दारात जाऊन थुंकला आणि परत आला. "बाई, रागावू नका, पण पार जळलीय ही. लोक पितात हे?"

बाकांवरचे सगळे हातातल्या कपांकडे बघायला लागले.

"जळलीय?" वहिनींनी विचारलं. त्याला नाही, आम्हाला. "कधीपासून?"

गुरुजींनी भिंतीवरची पाटी आधीच काढून काखेत मारली होती, घरी लावायला. वहिनी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"गुरुजी, वाचा जरा त्यावर काय लिहिलंय. मोठ्याने वाचा, भाषण केलंत तसं."

गुरुजींनी वाचलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मागच्या बाकापर्यंत पोचला नाही.

"दार उघडलंत त्या दिवसापासून," मीच शेवटी म्हणालो. "तापातून उठलात तेव्हापासून."

"म्हणजे पहिला कप तुम्हीच प्यायलात." त्या माझ्याकडे वळल्या. "तापात माझं नाक गेलं, टेलरभाऊ. करपलेलं, नासलेलं, काही म्हणजे काही कळत नाही. सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी कीव केली असती, म्हणून बोलले नाही. म्हटलं, पाटी आहे की. तुमच्या जिभेवर चालवत होते मी दुकान. माझी भाची भाजायला यायला तयार होती, सामान बांधून बसली होती. मी तिला कळवलं, नको येऊस, लोक छान म्हणतायत."

"वहिनी, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..." घड्याळजी पुटपुटले.

"मला?" त्या ओरडल्या. "वाईट मला वाटलं असतं एक सकाळ! तुम्हाला तेवढी एक सकाळ सोसायची नव्हती! व्हा बाहेर. आणि कप ठेवा खाली. सगळे कप."

आम्ही कप ठेवले आणि बाहेर पडलो. टेम्पोवाला तेवढा आत राहिला.

त्यानंतर गल्लीत वहिनी कोणाशी बोलेनात. पण महिन्याभराने माझ्या दुकानात आल्या. दादांचा जाड कोट बरोबर होता. "माझ्या मापाचा करून द्या," एवढंच म्हणाल्या. माझा जीव हलका झाला. माफी मागायला हवी होती, दहादा शब्द ओठावर आले, पण माझ्याच्याने ते होईना. म्हणून मी दुसरीच अक्कल लढवली. कोट सगळा नीट केला, जीव ओतून केला, फक्त उजवी बाही मुद्दाम दोन बोटं लांब ठेवली. म्हटलं, बघतील, चिडतील, सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढतील. मग मी कान धरेन, मग सगळं पूर्वीसारखं होईल. बाही लगेच आखूड करायला सुईत दोरासुद्धा ओवून ठेवला होता.

त्या आल्या. कोट घातला, आरशासमोर उभ्या राहिल्या. उजवा हात बोटांच्या पेरांपर्यंत झाकला गेला होता. त्यांनी तो वर केला, बघितला, डाव्याशेजारी धरला. दिसलं त्यांना. मी बघत होतो, दिसलं.

"कसा झालाय?" मी विचारलं.

वहिनींनी माझ्याकडे वळून बघितलं.

"छान," त्या म्हणाल्या. "एकदम छान."

आणि तो कोट तसाच घालून गल्लीतून चालत गेल्या.