पाठ नसलेले चिलखत

शोल्याचे चिलखत पाठीमागून उघडे राहिले ते माझ्या विसराळूपणामुळे, असे माझी सून पाहुण्यांना सांगते. मुलगा सांगतो की कारागिराने मला गुंडाळले आणि ते झाकण्यासाठी मी मागाहून शास्त्र रचले. कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या आमच्या ओळखीच्या चार-पाच मराठी घरांत तर अशी कथा रूढ झाली आहे की, म्हातारपणी डोके फिरून मी नातीला देवीसारखे सजवले आणि भर उन्हात नदीकाठी फिरवले. चहाबरोबर या कथा चांगल्या लागतात. त्या खऱ्या नाहीत, एवढेच मला म्हणायचे आहे, आणि ते मी लेखी म्हणतो, कारण तोंडी बोलताना माझे वाक्य पुरे होऊ देण्याची रीत आमच्या घरात उरलेली नाही.

माझी सारी नोकरी रेल्वेत, डब्यांच्या विभागात गेली. बंद डब्यात कोंबलेल्या माणसांपर्यंत हवा कशी पोहोचवायची आणि तापलेली हवा छपरातून बाहेर कशी काढायची, यावर मी गार्डन रीचच्या कचेरीत बसून जितके कागद काळे केले तितके क्वचितच कोणी केले असतील. तेव्हा उकाडा या विषयावर माझ्याशी वाद घालणाऱ्याने जरा जपून बोलावे.

नात तेव्हा सतरा वर्षांची होती. तिला वेष करण्याचा नाद आहे. नाटकातला वेष नव्हे. तिच्या पिढीची मुले कल्पित जगांतली पात्रे होऊन एका सभागृहात जमतात, दिवसभर त्याच रूपात वावरतात आणि संध्याकाळी एकेक जण मंचावर येऊन स्वतःभोवती एक गिरकी घेतो. बाकीची मुले तयार कथांमधून पात्रे उचलतात. हिने आपले पात्र स्वतः निर्माण केले होते. एक नगरी पाण्याखाली जाते. पाणी पायरी पायरीने चढते, माणसे दिवे विझवून निघून जातात, आणि वेशीवर पहारा देणारी एक मुलगी मात्र उभीच राहते, कारण तिला जा असे सांगायचे सगळे विसरतात. त्या नगरीचे नकाशे, तिथले कायदे, दारांवरची चिन्हे, सारे काही नातीच्या वहीत होते. तिचे मराठी अडखळते, मध्येच बंगालीत शिरते; पण त्या वेशीबद्दल बोलताना ती अडखळत नसे.

आदल्या वर्षी तिने फोमच्या जाड तावांचे चिलखत चिकटवून केले होते. दिसायला उत्तम होते. भाद्रपदातल्या कोलकात्यात ते अंगावर चढवून ती तासभर उभी राहिली आणि नंतर, आपल्या नगरीसारखीच, हळूहळू खाली गेली. सुनेने तिला मांडीवर घेऊन ते चिलखत कात्रीने कापून काढले. त्या दिवसाचा धसका सुनेच्या मनातून गेला नाही, आणि त्याबद्दल मी तिला दोष देत नाही. पुढच्या वर्षी नातीने पुन्हा विषय काढला तेव्हा तिने शांतपणे सांगितले, "या वेळी जा. पण पुन्हा पडलीस, तर ही वेषांच्या सामानाची सगळी खोकी घराबाहेर. मग रडायचं नाही."

नात उठून माझ्या खोलीत आली आणि मला विचारू लागली की, डब्यात हवा कशी खेळते.

मुलाने आपला उपाय सुचवला होता: चिलखताच्या आत बॅटरीवर चालणारे दोन छोटे पंखे. मी त्याला विचारले की, ओल्या अंगावर ओलीच हवा फिरवून काय साधणार. पुण्यात घाम येतो आणि सुकतो. इथे घाम येतो आणि राहतो. या शहरात पावसाळ्याच्या शेवटी हवा आणि पाणी यांच्यामधली रेघ पुसट होते. दुपारी गॅलरीत उभे राहिले तर समोरच्या इमारती तळाशी पडलेल्या वस्तूंसारख्या हेलावतात, कावळे पोहत गेल्यासारखे जातात, आणि आपणही कुठल्यातरी पाण्याखाली राहतो आहोत असे वाटू लागते. अशा ठिकाणी कपड्याला एकच धर्म असतो. त्याने अंगाला चिकटू नये, आणि आत आलेली हवा वरून बाहेर जाईल अशी वाट ठेवावी. म्हणून मी ठरवले की आत ढगळ मलमल, तिच्यापासून चार बोटे दूर चिलखत, आणि ते चिलखत इतके हलके की खांद्यांना त्याचा पत्ताही लागू नये. मलमलीसाठी आजीची साडी फाडली असे मुलगा सांगतो. साफ खोटे. ते माझे धोतर होते, त्याच्याच मुंजीत नेसलेले.

इतके हलके काय असते, याचे उत्तर बंगालात राहणाऱ्या माणसाला शोधावे लागत नाही. इथल्या पाणथळीत शोला नावाचे झुडूप उगवते. त्याच्या दांड्याचा पांढरा गाभा कागदासारखा सोलून नवरदेवांचे मुकुट आणि देवीचे दागिने करतात. साहेबांच्या उन्हातल्या टोप्या त्याच्याच असत. हातात घेतले तर हातात काही आहे असे वाटत नाही.

बागबाजारातल्या एका गल्लीत असे काम करणारा एक वृद्ध कारागीर आहे. मी नातीला घेऊन त्याच्याकडे गेलो. ती खोली मी विसरू शकत नाही. छतापासून जमिनीपर्यंत पांढरी फुले, पांढरे पक्षी, पांढरी प्रभावळ, सगळे दोऱ्यांनी टांगलेले आणि कुठे जराही हालचाल नसलेले. खिडकीतून नदीकडचा उजेड येत होता आणि त्या पांढऱ्यात मुरत होता. बर्फ पडताना मध्येच थांबावा तसे ते सारे अधांतरी होते. नात दारातच थांबली, चपला काढल्या आणि एकदम हळू आवाजात मला म्हणाली की, तिच्या नगरीत अशीच झाडे आहेत.

मी महाराष्ट्रातला आहे हे कळल्यावर कारागिराने सुरी खाली ठेवली. मराठ्यांच्या घोडेस्वारांच्या भीतीने या शहराने एके काळी खंदक खणला होता, आणि तो इथूनच, बागबाजारापासून सुरू होत असे. तो मला म्हणाला, "मोशाय, तुमच्यासाठी एवढा खंदक खणला, तेव्हा आला नाहीत. आता आलात ते आमच्याकडूनच चिलखत घ्यायला?" मी त्याला सांगितले की आम्ही सावकाश येतो, पण येतो. तो बराच वेळ हसत राहिला आणि त्याने काम घेतले.

छाती, खांदे, मनगटे आणि मुकुट अशी मापे मी कागदावर लिहून दिली. पाठीचेही माप दिले होते. सून म्हणते दिले नव्हते. तो कागद आज उपलब्ध नाही.

तीन आठवड्यांनी आम्ही चिलखत आणायला गेलो. ते अपूर्व झाले होते. छातीवर लाटांच्या ओळी, खांद्यांवर शिंपल्यांसारख्या पाकळ्या, मनगटांवर नगरीची चिन्हे, वहीतून जशीच्या तशी. मी ते उलटे केले आणि मागे काही नव्हते. पाठ केलीच नव्हती. दोन काठांना फक्त बांधायच्या नाड्या लोंबत होत्या.

त्या क्षणी मी मोठ्याने बोललो. मुलगा सांगतो की कारागीर दोन पावले मागे सरला. तेवढे खरे आहे. पण मुलगा तिथे नव्हता, तेव्हा हे त्याला नातीने सांगितलेले असणार. कारागिराला माझ्या रागाचे कारणच समजत नव्हते. त्याने, त्याच्या बापाने आणि आज्याने आयुष्यभर मूर्तींसाठी काम केले होते. मूर्ती मखरात बसते, लोक समोरून येतात, समोरूनच जातात. तो म्हणाला, "देवीची पाठ कोण बघतो?" मी त्याला सांगितले की ही देवी नव्हे, ही माझी नात आहे, आणि ती मंचावर गिरकी घेणार आहे. तेव्हा त्याचा चेहरा पडला. आठ दिवस हातात होते. पाठ करून देतो, पैसे नकोत, असे तो म्हणू लागला.

आमची ही बोलाचाली चालू असताना नातीने चिलखत अंगावर चढवले होते. नाड्या स्वतःच कशाबशा बांधून ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, नदीकडे पाठ करून. त्या वेळी नदीवरून एक झुळूक आली. फार मोठी नव्हती. टांगलेली दोन-चार फुले तेवढी जागची हलली. नातीने डोळे मिटले.

"आजोबा, पाठीला वारा लागतोय," ती म्हणाली. "राहू दे ना असंच."

आता इथे नातीची कथाही माझ्या कथेहून वेगळी होते. ती म्हणते, निर्णय तिचा होता आणि मी तर घरी पोहोचेपर्यंत पाठ हवी म्हणून कुरकुरत होतो. वाक्य तिचे होते, हे मी कधीच नाकारलेले नाही. पण त्या वाक्यानंतर कारागिराला "पाठ करू नका" असे सांगितले कोणी? मी. फुकट मिळणारी पाठ मी नाकारली. विसरलेला माणूस नाकारत नाही, फसलेला तर मुळीच नाही. छपराला भोक पाडावे लागते तेव्हा आधी छप्पर असावे लागते, असे आमच्या कचेरीत सगळे समजत असत. छप्परच न घालण्याचे धैर्य नोकरीत मला कधी झाले नव्हते.

उरलेल्या धोतराचा मी झगा केला. बांबूची एक पातळ कामटी वाकवून दोन्ही खांद्यांवर टेकवली आणि तिच्यावरून मलमल मोकळी सोडली, म्हणजे ती पाठीला न शिवता खाली लोंबेल. हवा खालून शिरेल, मानेपाशी निघून जाईल. शोला घामाने मऊ पडतो, म्हणून छातीच्या आतून मेणकागद लावला. आणि शरीरालाही शिकवावे लागते. म्हणून ते आठ दिवस रोज चारच्या सुमारास मी तिला टॅक्सीने गार्डन रीचला, माझ्या जुन्या कचेरीजवळच्या नदीकाठी नेले. पहिल्या दिवशी पाव तास, मग अर्धा, मग तास. मी बाकावर छत्री धरून, मांडीवर मीठ-लिंबाच्या सरबताची बाटली घेऊन बसत असे. ती पाण्याकडे तोंड करून उभी राही.

म्हातारा मुलीला फिरवतो म्हणतात तो हाच प्रकार. पलीकडे अर्धवट बांधलेल्या जहाजाचे मोठे करडे पोट वाफेत विरघळत असे. होडीतले लोक आमच्या जवळून जाताना बोलणे थांबवत. एका बाईने लांबूनच हात जोडले. पांढरा झगा भरून येई, रिकामा होई, पुन्हा भरे, जणू ती मुलगी नव्हे तर ते कापडच श्वास घेत आहे. आणि त्या मंद, जड, हिरवट उजेडात मला कैक वेळा असे वाटले की पाणी खरोखरच चढले आहे, ते आमच्या डोक्यांवरून गेले आहे, आणि आम्हां दोघांना अजून कोणी जा म्हणून सांगितलेले नाही. त्या वयात मला इतके सुख होईल अशी माझी कल्पना नव्हती. हे मी घरात कोणाला सांगितले नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सून आमच्याबरोबर आली. तिच्या खांद्यावर एक पिशवी होती. तीत साधे कपडे, ग्लुकोज, ओला टॉवेल आणि मोठी कात्री होती. दुपारी बारापासून ती एका खांबाला टेकून नातीकडे बघत राहिली. सभागृहात गर्दी इतकी झाली की थंड हवेची यंत्रे निरुपयोगी ठरली. पंख लावलेला एक धिप्पाड मुलगा पंख काढून जिन्यावर जाऊन बसला. दर तासाला मी नातीला सरबत देई आणि मनगटपट्टे सोडून तिची मनगटे गार पाण्यात धरी. दोन वाजले, चार वाजले. सून एकदाही बसली नाही.

सहानंतर नातीचे नाव पुकारले गेले. ती मंचावर गेली, आणि तिने गिरकी घेतली. मागच्या दिव्यांचा उजेड मलमलीतून आरपार आला. कामटीची कमान, तिच्याखाली नातीची घामेजली पाठ, सगळे काही सर्वांना दिसले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, बहुधा मीच. बक्षीस पंखवाल्यांपैकी एका मुलीला मिळाले.

घरी आल्यावर नात दिवाणखान्यात जमिनीवर बसली आणि सुनेने नाड्या सोडल्या. चिलखत उतरले, तेव्हा दंडांवर खांद्यांच्या पाकळ्यांच्या काठांनी पडलेले लाल वळ दिसले. मला ते दिवसभर दिसले नव्हते. सुनेने खोबरेल तेल आणले आणि एकेका वळावर बोट फिरवू लागली. मला वाटले, आता खोक्यांचा विषय निघणार, आणि मी उत्तराची तयारी केली. माझ्याकडे बरेच मुद्दे होते.

"काठाला मऊ कापड लावायला हवं होतं," ती म्हणाली, नातीला की मला ते कळले नाही. "पुढच्या वेळी मी लावून देईन."

नातीने माझ्याकडे पाहिले. तेलाची वाटी लवंडेल अशी ठेवली होती, ती मी जरा आत सरकवली.